वाचकांचे प्रश्न : ‘रोख द्या, टीसीएस वाचवा’ म्हणणारा एजंट

प्रश्न : मी सुरतमध्ये लिंबायतला राहतो, जॉबवर्कवर एम्ब्रॉयडरीची मशीन चालवतो. दिवाळीत लाभपाचमपर्यंत मार्केट बंद असतं, तेव्हा बायको आणि दोन मुलांना घेऊन कझाकस्तानातल्या अल्माटीला जायचा विचार आहे. एजंटने चौघांचे जीएसटी धरून 4 लाख सांगितले, वर 20 हजार टीसीएस. सगळे पैसे रोख दिले तर दोन्ही वाचतील, कच्च्या चिठ्ठीवर काम होईल, म्हणतो. माझं उत्पन्न वर्षाला सहा-सात लाख आहे. काय करावं? आणि तिकडे पैसे कसे न्यावेत?

उत्तर : रोख देऊ नका. नीतिमत्तेचा मुद्दा बाजूला ठेवला तरी हा व्यवहार तुमच्याच तोट्याचा आहे.

टीसीएस हा जादा कर आहे असं एजंट भासवतात, आणि गिऱ्हाईकही ते खरं मानतं. प्रत्यक्षात ती तुमच्या पॅनवर जमा होणारी आगाऊ रक्कम आहे. आर्थिक वर्ष 2025-26 मध्ये परदेशी सहलीच्या पॅकेजवर 10 लाखांपर्यंत 5 टक्के आणि त्यावरच्या रकमेवर 20 टक्के टीसीएस कापला जात होता. तुमचे 20 हजार फॉर्म 26एएस मध्ये दिसतील. नव्या करप्रणालीत त्या वर्षी 12 लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर कलम 87ए च्या सवलतीमुळे कर शून्य होतो. म्हणजे रिटर्न भरलं की पूर्ण 20 हजार खात्यात परत. नोकरदार वाचकांनी ही रक्कम मालकाला कळवावी, पगारातला टीडीएस तेवढा कमी होतो. मात्र एजंटला पॅन दिला नाही तर टीसीएसचा दर चढतो.

रिटर्न भरायचा कंटाळा असेल तर तो आत्ताच सोडा. वर्षभरात स्वतःच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या परदेश प्रवासावर 2 लाखांपेक्षा जास्त खर्च केला, तर उत्पन्न कितीही कमी असो, रिटर्न भरणं बंधनकारक आहे. पैसे पत्नीच्या खात्यातून गेले तर ही जबाबदारी तिच्यावर येते. घरात शिवणकाम करून थोडंफार कमावणाऱ्या बाईच्या नावावर पॅकेज घ्यायचं आणि नंतर नोटीस आली की सीएकडे धावायचं, हा प्रकार आम्ही दर वर्षी पाहतो.

आता रोखीचं. एका व्यवहारात 2 लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्यानुसार मनाई आहे आणि दंड घेणाऱ्याला, तोही घेतलेल्या रकमेएवढा. त्यामुळे उद्या काही बिनसलं तर एजंट पैसे मिळाल्याचं कबूलच करणार नाही. कच्च्या चिठ्ठीवर ना शिक्का, ना जीएसटी क्रमांक. हॉटेल तीन ताऱ्यांचं सांगून दोन ताऱ्यांचं दिलं तर दाद मागायला तुमच्या हातात काय? ‘बाकीचे डॉलर तिकडे आमचा माणूस देईल’ असंही कुणी म्हणेल. सुरतमध्ये आंगडियाची (खासगी रोख पोचवणाऱ्याची) सवय अंगवळणी पडलेली असल्याने त्यात काही वावगं वाटत नाही, पण देशाबाहेर असे पैसे फिरवणं म्हणजे हवाला, आणि तिथे फेमा कायदा आड येतो.

टीसीएस खरंच टाळायचा असेल तर सरळ मार्ग आहे. सीबीडीटीच्या 30 जून 2023 च्या परिपत्रकानुसार विमानाचं तिकीट, हॉटेल आणि तशाच स्वरूपाचा इतर खर्च यांपैकी किमान दोन गोष्टी एकत्र विकल्या तरच ते ‘पॅकेज’ ठरतं. तिकीट स्वतः विमान कंपनीकडून घेतलं आणि हॉटेल वेगळं बुक केलं तर पॅकेजवरचा टीसीएस लागत नाही. पण मग विमान चुकलं, हॉटेलने खोली नाकारली, की सगळं निस्तरायचं तुम्ही. पहिल्यांदाच परदेशी निघालेल्या कुटुंबाला मी पॅकेजच सुचवेन, पक्क्या बिलासह.

अल्माटीची निवड चांगली आहे. भारतीयांना कझाकस्तानात 14 दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. आत सोडायचं की नाही हे मात्र तिथला अधिकारी ठरवतो, म्हणून परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग छापून हाताशी ठेवा. पासपोर्टची मुदत सहा महिने उरलेली असावी. ऑक्टोबरच्या अखेरीस तिथे बर्फ पडू शकतो, सुरती हिवाळ्याचं स्वेटर पुरणार नाही. शाकाहारी असाल तर जेवणाची पंचाईत होते. खाकरे आणि शेंगदाण्याची चटणी सोबत असू द्या.

पैशाबाबत एक गंमत आहे. बहुतेक देशांसाठी दर प्रवासाला 3 हजार डॉलरपर्यंतच नोटा नेता येतात, पण रशिया आणि सीआयएस देशांना रिझर्व्ह बँकेने या मर्यादेतून वगळलं आहे, आणि कझाकस्तान त्यांपैकी एक. म्हणून भरमसाट नोटा न्याव्यात असं नाही. थोडे डॉलर घ्या आणि तिथे त्यांचं तेंगे हे स्थानिक चलन करून घ्या. चारिन दरीकडे नेणारे ड्रायव्हर, बाजारातले छोटे दुकानदार यांचा सगळा कारभार कास्पी या स्थानिक अ‍ॅपवर चालतो, ते पाहुण्यांच्या फारसं उपयोगाचं नाही, तेव्हा रोख तेंगेच कामी येतात. बाकीचा खर्च कार्डाने. मशीनने ‘रुपयांत भरू का?’ विचारलं तर नाही म्हणा आणि तेंगेतच भरा, रुपयांचा भाव ते आपल्या सोयीने लावतात. परकीय चलन 50 हजारांपेक्षा कमी रुपयांचं असेल तरच रोख चालते, नाहीतर सगळी रक्कम बँकेतूनच. परतल्यावर 2 हजार डॉलरपर्यंतच्या नोटा जवळ ठेवता येतात, उरलेल्या 180 दिवसांत बँकेत द्याव्यात.

एक सूचना सुरतकरांना खास. अल्माटीचं विमान मुंबई किंवा दिल्लीहून धरावं लागेल. दिवाळीत उधना स्टेशनवर खानदेश-उत्तर प्रदेशाकडे निघालेल्यांची जी झुंबड उडते ती तुम्ही जाणताच. रेल्वेला उशीर होऊन विमान चुकलं तर एजंट जबाबदार नाही आणि साधा प्रवासविमाही ते नुकसान बहुधा भरून देत नाही. आदल्या दिवशी मुंबई गाठा.

प्रश्न : मे 2025 मध्ये आम्ही बाकूची सहल स्वतःहून रद्द केली. एजंट ‘नॉन-रिफंडेबल’ म्हणून हात वर करतो. काही मिळेल का? — वाचक, उधना

उत्तर : त्या वेळी अझरबैजानने पाकिस्तानची बाजू घेतल्यामुळे अनेकांनी तिथल्या सहली रद्द केल्या, काही बुकिंग कंपन्यांनीही तिकडची विक्री थांबवली. पण तुम्ही स्वतःहून रद्द केल्यामुळे करारातल्या अटी लागू होतात, सगळे पैसे मिळतील ही आशा ठेवू नका. तरी दोन गोष्टी मागा. हॉटेल आणि विमान कंपनीने एजंटला किती परत केलं, त्याचा लेखी हिशेब. तिकीट भारतीय विमान कंपनीचं असेल तर मूळ भाडं बुडालं तरी सरकारी कर आणि विमानतळ शुल्क परत द्यावंच लागतं, असा डीजीसीएचा नियम आहे. टीसीएस कापला असेल तर तो रिटर्नमध्ये दाखवा.

एजंट ऐकत नसेल तर आधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार, मग जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दावा लावता येतो, एजंटचं ऑफिस मुंबईला असलं तरी सुरतच्या आयोगात चालेल. दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षांची, म्हणून नोटीस स्पीड पोस्टाने याच महिन्यात पाठवा आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं, एजंटच्या व्हॉइस नोटसह, जपून ठेवा.