दिवंगतांच्या नावे शिष्यवृत्ती
दिवंगत आईवडिलांच्या नावे महाविद्यालयीन शिष्यवृत्ती देणे हा सदका-ए-जारिया ठरू शकतो. हजरत सअद बिन उबादा (रजि.) यांनी प्रेषितांना (स.) विचारून दिवंगत आईच्या वतीने बाग दान केली, असे सहीह बुखारीत आहे. ती बाग त्यांची स्वतःची होती, हे ध्यानात घ्यावे. मृताच्या संपत्तीतून प्रथम दफनखर्च, मग कर्ज, मग एक तृतीयांशापर्यंत वसीयत आणि त्यानंतर वारसांचे हिस्से. अल्पवयीन वारसाचा हिस्सा त्याच्या संमतीनेही दानात देता येत नाही. म्हणून वाटणीनंतर आपल्याच हिश्श्यातून द्यावे. एकाच विद्यार्थ्याचे शुल्क भरावे, पण पदवीपर्यंत भरावे. उपकार मात्र बोलून दाखवू नयेत, त्याने दान व्यर्थ जाते (अल्-बकरा, २६४). अल्लाह स्वीकार करो. आमीन.