बाराजणांचं काम, चौदाजणांचा पगार

हाउसकीपिंगच्या धंद्यात उतरलो तेव्हा प्रपोजल जाड असलं की कंपनी मोठी वाटते, अशी माझी पक्की समजूत होती. भोसरीत दहा बाय बाराचं ऑफिस, हाताखाली अठ्ठावीस माणसं आणि प्रपोजल चोवीस पानांचं! रंगीत छपाई, स्पायरल बाइंडिंग. पहिली सात पानं आमच्याच कौतुकाची. त्यात माझा कोट घातलेला फोटोसुद्धा. ते घेऊन एका हॉस्पिटलात गेलो. तिथल्या ॲडमिनच्या मॅडमनी भराभर पानं उलटली आणि विचारलं, "रात्री दोनला कॅज्युअल्टीत कुणी ओकलं तर पुसायला कोण येणार, किती मिनिटांत? ते कुठल्या पानावर आहे?"

कुठल्याच नव्हतं. काम गेलं. पण त्याचं पेट्रोल सोडलं तर काही नुकसान झालं नाही. मला बुडवलं ते मिळालेल्या कामानं.

चाकणकडचा सुटे भाग बनवणारा एक कारखाना होता. सातही दिवस चालणारा. आधीच्या अनुभवानं शहाणा होऊन मी या वेळी एका पानाचं कोटेशन दिलं: बारा माणसं, माणशी महिना १७,५०० रुपये, जीएसटी वेगळा, दर वर्षभर कायम. स्वस्त होतं, लगेच ऑर्डर आली. मी पेढेही वाटले.

आता हिशेब बघा. सोपं जावं म्हणून पगार १३,००० धरू. त्यावर मालकाचा पीएफ प्रशासकीय खर्चासकट १३ टक्के, म्हणजे १,६९०. ईएसआय ३.२५ टक्के, ४२२. किमान बोनस ८.३३ टक्के, १,०८३. झाले साधारण १६,२००. गणवेश, बूट, सुपरवायझर आणि माझा नफा उरलेल्या तेराशेत. ओढाताणीचं, पण जमलं असतं. मी विसरलो होतो ती साप्ताहिक सुट्टी. जागा बारा, दिवस सात, माणूस मात्र सहाच दिवस काम करणार. सहा जागांमागे सातवा माणूस लागतोच, त्याला आमच्यात रिलीव्हर म्हणतात. म्हणजे बारा जागांना चौदा माणसं. बिल २,१०,००० चं आणि नुसता पगाराचा खर्च २,२६,००० च्या पुढे. वर्षाचे दोन लाख मी माझ्या सहीनं घालवले होते. त्यात महाराष्ट्रात किमान वेतनावरचा विशेष भत्ता १ जानेवारी आणि १ जुलैला बदलतो. जुलैत तो वाढला आणि माझा दर 'वर्षभर कायम' होता.

परचेसच्या साहेबांकडे रडायला गेलो. ते शांतपणे म्हणाले, "अहो, कोटेशन तुम्हीच लिहिलंत ना?" राग आला, पण माणूस चुकीचं बोलत नव्हता.

पैशांच्या मुदतीबद्दलही मी काहीच लिहिलेलं नव्हतं, मग ते नव्वद दिवसांनी देऊ लागले. इकडे ७ तारखेपर्यंत पगार, १५ ला पीएफ-ईएसआय, २० ला जीएसटी. जीएसटी बिल काढलं की भरायचा असतो, पैसे हातात आले की नाही ते सरकार विचारत नाही. बायकोच्या बांगड्या गहाण पडल्या. आज ती त्यावर हसते, तेव्हा हसली नव्हती.

त्यानंतर लिहिण्याची पद्धतच बदलली. आता जागा पाहिल्याशिवाय मी कोटेशन देत नाही, आणि ती पाहायची तर पाळी बदलताना. रांजणगावच्या एका कारखान्यात असाच गेलो. गेटवर मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात, तेव्हा फोटो विसरा, खिशात वही ठेवा. वहीत टिपलं की मशिनशॉपमधलं कूलंट बुटांना लागून थेट कॅन्टीनच्या दारापर्यंत येतं, आणि सकाळचा माणूस तेच तेलकट पोछ्यानं सगळीकडे पसरवतो. माझ्या प्रपोजलचं पहिलं वाक्य तेच होतं. त्याखाली उपाय: दारात पायपुसणं कुठे, डिग्रीझर कधी, पोछे किती आणि कुठल्या रंगाचे. मग कुठल्या पाळीत कोण कुठे उभा असेल त्याचा तक्ता. कंपनीचा इतिहास शेवटी, चार ओळींत.

दर फोडून लिहायचा: पगार, पीएफ, ईएसआय, बोनस, रिलीव्हर, साहित्य, आमचं सेवाशुल्क. लपवण्यात अर्थ नसतो. ठेकेदारानं पीएफ बुडवला तर ते कंपनीच्या गळ्यात येतं, म्हणून जाणता एचआरवाला फार स्वस्त कोटेशन बघून उलट दचकतो. भत्ता वाढला तर फरक त्याच तारखेपासून लागू, ही ओळ हवीच. आणि 'यात काय नाही' असं स्वतंत्र अर्धं पान: बाहेरच्या उंच काचा, टाकी धुणं, लग्नाच्या हॉलसारखी एका दिवसाची कामं. हे अर्धं पान लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

पैशांची मुदत लिहिताना मी आपला उद्यम नोंदणी क्रमांक त्याच ओळीत टाकतो. २००६ च्या एमएसएमई कायद्यानं सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे, करार असला तरी, ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. त्या कायद्यावर ग्राहकाशी भांडायला कोणी जात नाही, मीही नाही. पण १ एप्रिल २०२४ पासून असे थकवलेले पैसे चुकते होईपर्यंत त्या खर्चाची वजावट आयकरात मिळत नाही, त्यामुळे त्यांचे अकाउंट्सवाले ती ओळ आपणहून वाचतात.

रांजणगावला आमचा दर तिघांत सर्वांत जास्त निघाला. तिथल्या मॅडम म्हणाल्या, "थोडं कमी करा." मी म्हटलं, "दर नाही होणार, पण तक्ता बघू या." रविवारी तिथे एकच लाइन चालायची. बाराच्या जागी रविवारी चारच माणसं ठेवली, तर चौदाऐवजी तेराजणांत भागत होतं. पेन्सिलनं तिथेच खोडून त्यांना दाखवलं. त्यांनी कागद स्वतःकडे ओढला आणि विचारलं, "मग एक तारखेपासून येताय?"