मशेरीची डबी

आमच्या प्रौढवर्गात एक मावशी येतात. वय पन्नाशीच्या पुढे. पाटीवर अक्षर गिरवता गिरवता त्या मधूनच उठत आणि पडवीत जाऊन मशेरी लावून येत. दिवसातून पाचसहा वेळा तरी.

मशेरी म्हणजे काय, हे तुम्हांला सांगायला नको. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि बोटाने हिरड्यांना घासायची. दात स्वच्छ होतात, असे बायका समजतात. "लावल्याबिगर पोट साफ होत नाही," असेही म्हणतात. पण भाजली तरी ती तंबाखूच. तिच्यामुळे तोंडाचा कर्करोग होतो. गरोदर बाईने लावली, तर मूल कमी वजनाचे जन्मू शकते.

मावशींना हे ठाऊक होते. "हळूहळू कमी करते," असे त्या म्हणाल्या. दिवसातून दोनदाच लावायची ठरवली. डबी मात्र कोनाड्यात तशीच ठेवली. न जाणो, दाढ दुखली तर! पंधरा दिवसांत दोनाच्या पुन्हा सहा वेळा झाल्या. हळूहळू सोडणे कोणाला जमतही असेल. पण डबी घरात, तर हात तिकडे जाणारच.

मग एके सकाळी चार वर्षांची नात बाजेवर चढून कोनाड्यापाशी उभी. डबीत बुडवलेले बोट तोंडात! मावशींनी तिचे तोंड धुतले आणि डबी उकिरड्यावर उपडी केली.

"मावशी, भीती नाही वाटली?" मी विचारले.

"वाटली की, बाई! हात कापाया लागलं. पण सुनंला सांगायची त्याहून भीती. एकदा सांगितलं म्हंजी मागं फिरता येत नाही."

तरी त्यांनी सुनेला सांगितले. शेजारणीला सांगितले. वर्गातही उभे राहून सांगितले.

पहिले चार दिवस वाईट गेले. डोके दुखे. झोप येईना. सुनेवर उगाच ओरडल्या. तंबाखूत निकोटिन असते. त्याची शरीराला सवय लागते, आणि ते मिळाले नाही की शरीर कुरकुरते. पण एकेक तल्लफ काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ मावशी पाणी पीत, बडीशेप चघळत, नाहीतर पाटीवर नाव लिहीत बसत. दोनतीन आठवड्यांनी जोर कमी झाला. तंबाखू सोडायला मदत करणारा सरकारी फोनही आहे. नंबर १८००-११-२३५६. पैसे पडत नाहीत.

तोंडात पांढरा चट्टा असेल, जखम भरत नसेल, तोंड पुरते उघडत नसेल, तर लगेच दवाखान्यात दाखवा. मावशींच्या गालात आतून असा चट्टा निघाला. डॉक्टरांनी तपासला. तो अजून आहे. दर तीन महिन्यांनी दाखवायला बोलावले आहे. मावशी न चुकता जातात.

परवा लग्नघरी एका म्हातारीने त्यांच्यापुढे डबी धरली.

"मी सोडली," मावशी म्हणाल्या.

"कवापास्नं?"

"पोळ्यापास्नं."

वाचा आणि सांगा :
मावशींची पहिली खेप का फसली?
तुमच्या घरी डबी कोठे असते?