सेंटर आईबापाकडे पैसे मागत नाही

मुलगा ट्रेनिंगला गेला की आईबापाला खरा त्रास लष्कराचा होत नाही, गावातल्या माणसांचा होतो. हे मी उघड लिहिते आहे, कारण "ती बाई पैशाला पोरापेक्षा मोठं धरते" असं माझ्या माघारी बरंच बोललं गेलं, आणि बोलणाऱ्यांपैकी एकानंही नंतर दारात येऊन आपला शब्द मागे घेतला नाही.

मुलगा अग्निवीर म्हणून बेळगावला, मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरला गेला. सातारा जिल्ह्यातल्या घरांना बेळगाव नवीन नाही, आमच्या भावकीतही पेन्शनर आहेत. पण त्यांच्या वेळी पंधरा वर्षं काढली की पेन्शन ठरलेली होती. आता नोकरी चार वर्षांची आणि त्यातली जास्तीत जास्त 25 टक्के मुलं पुढे कायम होणार. त्यामुळे मुलाचा पाय दुखतोय एवढं कळलं तरी घरात झोप उडते. ही भीती मुलानं जिथे तयारी केली त्या भरती अकॅडमीच्या सरांना आमच्याइतकीच पाठ होती.

मुलाकडून 1600 मीटर साडेपाच मिनिटांच्या आत पळवून घेतलं, दहा पुलअप्स काढून घेतल्या, ते श्रेय सरांचं. ते मी कधी नाकारलं नाही. पण दहावीचं मार्कशीट आणि डोमिसाइल "जपून ठेवतो" म्हणून त्यांनी आधीच ठेवून घेतलं होतं, आणि निवड यादीत नाव आल्यावर वेगळी "गुरुदक्षिणा" मोजल्याशिवाय ते परत दिलं नाही. फी तर कधीच भरून झाली होती. ज्यांची मुलं आता अशा अकॅडमीत आहेत त्यांना माझं पहिलं सांगणं हेच, की मूळ कागद कुणाकडे एका रात्रीसाठीही ठेवू नका. झेरॉक्स द्या. ऐकत नसतील तर दुसरं मैदान बघा.

ट्रेनिंगच्या सुरुवातीला मोबाइल जमा होता. नंतर रविवारी थोडा वेळ मिळायचा, तोही मिळेलच असं नाही. अशाच एका फोनवर मुलगा म्हणाला, उजव्या पायाची नडगी दुखतेय, एमआय रूमला, म्हणजे तिथल्या दवाखान्यात, दाखवलंय. पुढच्या रविवारी फोन आला नाही. आमच्या ह्यांनी काळजीपोटी ही गोष्ट सरांच्या कानावर घातली आणि बोलण्याच्या भरात डावा पाय म्हणाले. मी शेजारीच उभी होते. घरी येताना मी त्यांना म्हटलंसुद्धा, अहो, डावा नाही, उजवा.

त्याच आठवड्यात सर घरी आले. चहा घेतला, मुलाच्या फोटोकडे बघून मान हलवली आणि म्हणाले, "ताई, नडगीच्या हाडाला चीर गेली की मुलगा रेलिगेट होतो. मग काय सांगता येत नाही. वर माझी ओळख आहे. पन्नास हजारांत मिटवतो. तुम्हाला शेवटी साडेअकरा लाख मिळणारच आहेत की."

मी पतसंस्थेत नोकरी करते. अग्निवीराला पहिल्या वर्षी महिन्याला 30,000 रुपये, त्यातले 9,000 सेवा निधीला कापून हातात 21,000. सरकार निधीत तेवढीच भर घालतं आणि चार वर्षं पुरी झाल्यावर व्याजासकट 11.71 लाखांच्या आसपास होतात. ते पैसे माझ्या मुलाच्या घामाचे आणि चार वर्षांनंतरचे. त्यांच्यावर माझाच हक्क नाही, तिथे सरांचा कुठून आला? मी नाही म्हणून सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, "विचार करा, आई आहात."

हे "आई आहात" मला अजून विसरता येत नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. "माताजी, सेंटर से सुभेदार बोल रहा हूँ. आपके बेटे का ऑपरेशन है, लेफ्ट पैर का. पैसा तुरंत डालो." ऑपरेशन हा शब्द ऐकून माझे हात गार पडले. पण "लेफ्ट" ऐकलं आणि सगळं लख्ख झालं. डावा पाय या जगात एकाच माणसाला सांगितला गेला होता, आणि तो आमच्याकडे चहा पिऊन गेला होता. मी आर्मी नंबर विचारला. कंपनी विचारली. पलीकडचा माणूस ओरडला, "बेटे की जान से बड़ा नंबर है क्या?" आणि फोन कट झाला.

धाकटे दीर समोरच बसले होते. "वहिनी, पोराचा जीव तिकडे चाललाय आणि तुम्ही चौकशा कसल्या करता?" असं म्हणून ते उठून गेले आणि गावभर तेच सांगत सुटले. पन्नास हजार स्वतःच्या खिशातून काढतो असं मात्र म्हणाले नाहीत.

भावकीतल्या सुभेदार काकांनी सेंटरच्या पत्रावरच्या नंबरवर फोन लावून चौकशी केली. मुलगा मिलिटरी हॉस्पिटलमध्ये होता. उजव्या नडगीला बारीक फ्रॅक्चर, विश्रांती, ऑपरेशन नाही, आणि एक रुपयाही लागणार नाही. ट्रेनिंगमधल्या मुलाचा उपचार लष्कर स्वतः करतं. हे ज्याला माहीत आहे त्याला असल्या फोनची भीती वाटायचं कारण नाही. म्हणून मुलाचा आर्मी नंबर, कंपनीचं नाव आणि सेंटरचा पत्ता भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, आणि हे सगळं मुलाकडून किंवा पत्रावरूनच घ्या, मधल्या माणसाकडून नको. पैसे गेलेच तर त्याच क्षणी 1930 ला फोन करा. घरात देव असेल तर त्याला हात जोडा, मन शांत राहतं, पण फोन आधी.

मुलगा रेलिगेट झाला, म्हणजे मागच्या बॅचबरोबर त्याचं ट्रेनिंग पुढे सुरू झालं. एवढंच. घरी पाठवलं नाही. हा शब्द सांगून लोक आईबापांना घाबरवतात म्हणून मुद्दाम लिहिते.

नंतर तो म्हणाला, दुखणं खूप आधीपासून होतं, सांगितलं तर मागे पडेन म्हणून अंगावर काढलं. अशी दुखणी एकाएकी वाढलेल्या धावण्यानं आणि परेडनं होतात, आणि लपवली की वाढतात. रविवारच्या फोनवर आपण "मागे राहू नकोस बाळा" म्हणतो, ते बंद करा. "दुखलं तर लगेच सिक रिपोर्ट कर, बॅच गेली तर जाऊ दे" हे आईच्या तोंडून ऐकलं की मुलाला मोकळीक मिळते. जाण्याआधी महिनाभर तरी फाटक्या बुटांत डांबरी रस्त्यावर पळू देऊ नका. दूध, अंडी, डाळ पोटभर. फोनवर घरचं रडगाणं नको. शेतीचा वाद, म्हशीचं आजारपण त्याला सांगून तो तिथून काय करणार?

ट्रेनिंग संपल्यावर कसम परेडला आम्ही दोघं गेलो. तिथे आईबापांनाही गौरव पदक लावतात. मुलगा ताठ चालत आला. दीरही आले होते, पेढे वाटायला सगळ्यांत पुढे.

आणि सर? स्टँडसमोरच्या त्यांच्या फ्लेक्सवर वर्दीतला माझा मुलगा आहे, "आमचा यशस्वी विद्यार्थी" म्हणून. फोटो काढा असं मी तोंडी सांगितलं, मग लेखी दिलं आणि पोच घेतली. पोलिसांत गेले तर "पैसे गेलेच नाहीत ना?" असं विचारलं गेलं. तो फोन आला तेव्हा मी रेकॉर्डिंग चालू केलं नव्हतं, हातात पुरावा नाही. तुमच्या फोनवर ती सोय आजच चालू करून ठेवा. अकॅडमीत नवी बॅच भरते आहे, आणि प्रवेशाच्या वेळी मूळ मार्कशीट मागतातच, असं परवाच एका आईनं मला सांगितलं.