किल्ली आणि मजकूर : टिकाऊ संग्रहाचा एक पाठ

माहिती मिळविणें हें एक काम, आणि मिळविलेली माहिती मागतांच परत देतां येईल अशा रीतीनें जपणें हें दुसरें. पहिल्याची वाहवा होते. दुसरें बिघडेपर्यंत कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. रेणापूरचीं पुष्कळ मुलें दहावीनंतर लातुरास शिकावयास जातात. त्यांच्या हातीं शाळा सोडल्याचा दाखला असतो. त्यावरील जन्मतारीख शाळेच्या जनरल रजिस्टरावरून उतरलेली असते, आणि पुढें नोकरीपर्यंत तिचाच आधार घ्यावा लागतो. ती एक ओळ हरवली तर विद्यार्थ्यास कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागतात. तेव्हां अशा नोंदी संगणकांत जपण्याचें एक साधें साधन कसें बांधावें, याचा विचार या पाठांत करूं.

प्रथम शब्दांचा अर्थ. जनरल रजिस्टरांत प्रत्येक विद्यार्थ्यास एक क्रमांक असतो. क्रमांक सांगितला कीं नोंद मिळते. संगणकशास्त्रांत या क्रमांकास ‘की’ म्हणजे किल्ली व नोंदीस ‘व्हॅल्यू’ म्हणतात. व्हॅल्यूला आम्ही येथें मजकूर म्हणूं. किल्ली घेऊन तिचा मजकूर परत देणारा संग्रह म्हणजे ‘की-व्हॅल्यू स्टोअर’. त्यास तीनच कामें येतात : ठेवणें, आणणें व काढून टाकणें. दुसरा शब्द ‘रिलेशनल डेटाबेस’. यांत माहिती ओळी व रकाने यांच्या कोष्टकांत मांडलेली असते. ही कल्पना एडगर कॉड यांनीं १९७० सालीं मांडली. रिचर्ड हिप यांनीं २००० सालीं प्रसिद्ध केलेला ‘एसक्यूलाइट’ हा असाच एक लहान डेटाबेस असून तो आज आपल्या खिशांतील मोबाइलमध्येंही असतो. म्हणजे आपल्या बांधकामाचें सामान घरींच आहे.

आतां पहिली पायरी. डेटाबेसांत एक कोष्टक करावें व त्यांत दोन रकाने ठेवावे : किल्ली आणि मजकूर. किल्लीचा रकाना ‘प्रायमरी की’ आहे असें डेटाबेसास सांगावें. एवढ्यानें दोन लाभ होतात. एक, तीच किल्ली दोन ओळींस लागूं शकत नाहीं. दुसरा, डेटाबेस किल्ल्यांची क्रमवार सूची ठेवतो. तिच्या वरच्या पानावर खालच्या पानांचा पत्ता असतो. एका पानावर १०० पत्ते मावतात असें धरलें, तर अवघीं तीन पानें पाहून १० लाख किल्ल्यांतील हवी ती सांपडते. हें शोधयंत्र आपणांस रचावें लागत नाहीं.

किल्ली मात्र विचारपूर्वक निवडावी. जिच्यांत अर्थ भरलेला असतो, ती अर्थ बदलतांच निरुपयोगी होते. कोणी जिल्हा व गांव यांचीं नांवें जोडून किल्ली केली असती, तर काय झालें असतें पाहा. १९८२ च्या ऑगस्टापर्यंत लातूर शहर उस्मानाबाद जिल्ह्यांत होतें. त्या महिन्यांत लातूर हा स्वतंत्र जिल्हा झाला. पुढें २०२३ सालीं उस्मानाबादचें नांवही धाराशिव झालें. गांव जागचें हाललें नाहीं, परंतु किल्ल्या मात्र बदलाव्या लागल्या असत्या. याउलट आधार क्रमांक पाहा. त्याचें वाटप २९ सप्टेंबर २०१० रोजीं आपल्याच महाराष्ट्रांतील नंदुरबार जिल्ह्यांत, टेंभली गांवीं सुरू झालें. त्या बारा अंकांत जात, गांव वा जन्मसाल यांपैकीं कांहींच भरलेलें नाहीं. मनुष्याचा पत्ता बदलला तरी क्रमांक तोच राहतो.

दुसरी पायरी ठेवण्याची. कचेरींत दोन कारकून दोन संगणकांवर बसले आहेत असें समजा. पहिल्यानें विचारलें, ‘किल्ली ४१७ आहे काय?’ उत्तर आलें, ‘नाहीं.’ तो लिहिणार इतक्यांत दुसऱ्यानेंही तेंच विचारलें व त्यासही तेंच उत्तर मिळालें. आतां दोघेही नवी ओळ घालूं पाहतील व एकाचें काम अडेल. म्हणून विचारणें व लिहिणें हीं दोन कामें वेगळीं ठेवूं नयेत. ‘नसेल तर घाल, असेल तर बदल’ अशी एकच आज्ञा द्यावी. ती ‘पोस्टग्रेस’ या डेटाबेसांत २०१६ पासून व एसक्यूलाइटांत २०१८ पासून आहे.

तरीही एक धोका उरतो. दोघांनीं जुना मजकूर वाचला, दोघांनीं आपापली दुरुस्ती केली, आणि जो मागाहून लिहील त्याच्या लेखणीखालीं पहिल्याची दुरुस्ती मुकाट्यानें पुसली गेली. यावर उपाय म्हणून आवृत्तीचा तिसरा रकाना ठेवावा. लिहितांना सांगावें, ‘मीं वाचली तेव्हां आवृत्ति ३ होती, अद्यापि ३ असेल तरच बदल, आणि ४ कर.’ दुसरा कारकून मग थांबेल व पुन्हां वाचील.

तिसरी पायरी टिकाऊपणाची, आणि हीच मुख्य होय. आपल्या बाजारपेठेंतील दुकानदार व्यवहार होतांच प्रथम कीर्दींत लिहितो. खतावणी सवडीनें भरतो. दिवा गेला व खतावणी अर्धी राहिली, तरी कीर्दीवरून ती पुरी करतां येते. पुष्कळ डेटाबेस हीच रीत पाळतात. बदल आधीं क्रमवार कीर्दींत, म्हणजे ‘लॉग’मध्यें उतरतो, तो डिस्कवर पोंचतो, आणि मगच ‘लिहिलें’ असें उत्तर येतें. मध्येंच वीज गेली तर व्यवहार सगळा राहतो किंवा मुळींच राहत नाहीं. अर्धा कधींच राहत नाहीं. डिस्कपर्यंत जाण्यास वेळ लागतो, म्हणून कित्येक जण ही खात्री बंद करून वेग मिळवितात. तें करूं नये. ५०० नोंदी भरावयाच्या असतील तर त्या एकाच व्यवहारांत भराव्या. म्हणजे डिस्कची फेरी ५०० वेळां करावी लागत नाहीं आणि वचनही मोडत नाहीं.

आतां मर्यादा. किल्ली ठाऊक असेल तर हा संग्रह चटकन उत्तर देतो. परंतु ‘२०१५ सालीं जन्मलेल्या मुली किती?’ असें विचारलें तर त्यास प्रत्येक मजकूर उघडावा लागेल, कारण मजकुराच्या आंत काय आहे हें त्यास ठाऊक नसतें. ‘फ्रेंडफीड’ नांवाच्या अमेरिकन कंपनीनें ‘मायएसक्यूएल’ या डेटाबेसावर असाच संग्रह उभारला होता. त्याचें वर्णन २००९ सालीं प्रसिद्ध झालें. ज्या गोष्टीवरून शोध घ्यावयाचा तिच्यासाठीं त्यांनीं वेगळें सूचीकोष्टक केलें होतें. नियम असा कीं, ज्याविषयीं वारंवार प्रश्न येणार त्यास स्वतंत्र रकाना द्यावा. जें केवळ जपून परत द्यावयाचें तें मजकुरांत ठेवावें.

शेवटीं एक गोष्ट डेटाबेसावर सोंपवितां येत नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आपल्याच जिल्ह्यांतील किल्लारीस भूकंप झाला व घरांचे ढिगारे झाले. घर पडतें तेव्हां कपाटांतील कागदही त्याखालीं जातो, आणि संगणक असता तर तोही गेला असता. कीर्दीची युक्ति वीज गेल्यास तारते. छप्पर कोसळल्यास तारीत नाहीं. म्हणून संग्रहाची एक प्रत दुसऱ्या गांवीं ठेवावी, व ती उघडते कीं नाहीं हें वर्षांतून एकदां तरी स्वतः पाहावें.

विद्यार्थी मित्रहो, या सर्व रचनेचें सार एका वाक्यांत सांगतां येईल : खरोखर लिहिलें गेल्यावांचून ‘लिहिलें’ म्हणूं नये. दोन रकान्यांचें कोष्टक तासाभरांत होतें. त्याच्या मागचें वचन वर्षानुवर्षें पाळावें लागतें. तुमच्यापैकीं जे पुढें असे संग्रह बांधतील, त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें कीं प्रत्येक किल्लीच्या पलीकडे कोणी तरी आपल्या दाखल्याची वाट पाहत उभें आहे.