आग रोखणारे प्लॅस्टिक : माल घेण्यापूर्वी हे पाहा



कापडाच्या धंद्यात एक जुनी तपासणी आहे. ताग्यातून धागा ओढायचा आणि काडीने पेटवायचा. सुती धाग्याला जळक्या कागदाचा वास येतो व मऊ राख उरते. पॉलिएस्टर मात्र आक्रसते, वितळते आणि त्याचा कडक मणी होतो. इमारतीत वापरले जाणारे बरेचसे प्लॅस्टिक असेच वितळते, आणि त्याचे जळते थेंब खाली पडून आग पसरवतात.

१४ जून २०१७ रोजी लंडनमधील ग्रेनफेल टॉवर या २४ मजली इमारतीत चौथ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात आग लागली. इमारतीला बाहेरून जे पॅनेल लावले होते, त्यात ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये पॉलिएथिलीन भरलेले होते. आग त्या पॅनेलवरून वर चढली आणि ७२ माणसे मरण पावली. याच प्रकारचा माल आपल्याकडे एसीपी शीट या नावाने मिळतो. दुकानाची दर्शनी बाजू, पाट्या, दवाखाने, सगळीकडे ती लागते आणि बसवणारे हात आपलेच असतात. म्हणून ही माहिती आपल्या कामाची आहे.

प्लॅस्टिक लवकर पेटू नये म्हणून पूर्वीपासून त्यात ब्रोमीनयुक्त रसायने मिसळली जात. ज्वाळा दबते, पण नुकसान दुसरीकडून होते. यातली बरीच रसायने प्लॅस्टिकशी पक्की जोडलेली नसतात. ती हळूहळू बाहेर पडून घरातील धुळीत व शरीरात जातात. याचा धडा कापडानेच आधी दिला होता. अमेरिकेत मुलांच्या रात्रीच्या कपड्यांना ट्रिस नावाचे असे रसायन लावत. ते कर्करोगास कारण ठरू शकते असे दिसल्यावर १९७७ साली अशा कपड्यांवर बंदी आली. थर्माकोलच्या इन्सुलेशनमध्ये वापरले जाणारे एचबीसीडी हे रसायन २०१३ साली स्टॉकहोम कराराच्या यादीत गेले आणि भारताने २०१८ च्या नियमांनी त्यावर बंदी घातली.

मग सुरक्षित उपाय कोणता? सर्वांत जास्त वापरात असलेली वस्तू म्हणजे ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडची पांढरी पूड. सुमारे २०० अंश सेल्सिअसला ती फुटते आणि वजनाच्या जवळपास ३५ टक्के पाणी वाफेच्या रूपाने सोडते. त्यामुळे उष्णता शोषली जाते, जळणारा वायू पातळ होतो आणि मागे उरलेला खनिज थर प्लॅस्टिकला झाकतो. ज्या प्लॅस्टिकला साच्यात जास्त उष्णता लागते, उदाहरणार्थ पॉलिप्रॉपिलीन, त्यासाठी मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड घ्यावे लागते. ते ३०० अंशांच्या पुढे फुटते. तिसरा प्रकार अमोनियम पॉलीफॉस्फेटचा. त्याच्याबरोबर योग्य घटक मिसळले, तर आच लागताच माल फुगतो आणि त्यावर कोळशाचे कवच तयार होते.

या पुडीचा एक दोष उत्पादकाने आधीच लक्षात घ्यावा. ती चिमूटभर टाकून चालत नाही. पुष्कळदा एकूण वजनाच्या निम्म्याहून जास्त, ६० टक्क्यांपर्यंत मिसळावी लागते. त्यामुळे माल जड होतो व त्याची लवचीकता कमी होते. काही जण पूड कमी टाकून शिक्का मात्र पूर्ण मारतात. दगा होतो तो इथेच.

खरेदी करताना पुढील गोष्टी पाहाव्यात :

१. वजन करा. ४ मि.मी. जाडीची, ०.५ मि.मी. पत्र्याची ८ बाय ४ फुटी साधी शीट सुमारे १६ किलो भरते. खनिज पूड भरलेली शीट २२ किलोच्या आसपास जाते. हलकी शीट ‘एफआर’ म्हणून दाखवली तर शंका घ्या.

२. मधल्या थराचा नखाएवढा तुकडा काढा. उघड्या जागी, बाजूला पाण्याची बादली ठेवून, चिमट्यात धरून पेटवा. जळते थेंब पडले तर माल साधा आहे. धुरापासून तोंड दूर ठेवा.

३. ही तपासणी फक्त अंदाजासाठी आहे. प्रयोगशाळेचा दाखला मागा आणि तो त्याच मालाचा, त्याच जाडीचा आहे की नाही ते पाहा.

४. आग रोखण्यासाठी काय मिसळले आहे, ते बिलावर लिहून घ्या. ‘हॅलोजन-मुक्त’ असा स्पष्ट उल्लेख असावा.

आग रोखणारा माल आगीला उशीर करतो, म्हणजे माणसांना बाहेर पडायला वेळ मिळतो. तो न जळणारा नसतो, हेही ग्राहकाला सांगावे. शीटमागे थोडे पैसे वाचवण्यासाठी साधा माल एफआर म्हणून बसवला, तर फरक अनेक वर्षे कोणाच्या लक्षात येत नाही. ज्या दिवशी तो लक्षात येतो, त्या दिवशी दुरुस्तीला वेळ उरलेला नसतो.