जन्मजात वाकडे पाऊल : प्लास्टर उतरल्यानंतरचा उपचार

बाळ जन्मास आले की घरातील वडीलधारी मंडळी प्रथम त्याचे हातपाय न्याहाळतात. पाऊल आत वळलेले, टाच वर ओढलेली दिसली की आनंदाच्या घरात चिंता शिरते. ‘क्लबफूट’ या नावाने ओळखले जाणारे हे व्यंग साधारणपणे दर हजार जन्मांमागे एक ते दोन बालकांत आढळते. मुलींपेक्षा मुलग्यांत त्याचे प्रमाण सुमारे दुप्पट असून जवळजवळ निम्म्या बालकांची दोन्ही पावले वाकडी असतात.

आमच्याकडे येणाऱ्या कुटुंबांचा पहिला प्रश्न पुष्कळदा उपचाराविषयी नसतो. ‘ग्रहणात हिच्या हातून काही चिरले गेले असेल का?’ असे सासूबाई विचारतात आणि आई खाली मान घालून बसते. म्हणून आरंभीच सांगावयाचे ते हे, की ग्रहणाचा या व्यंगाशी काहीही संबंध नाही. बहुतेक बालकांत नेमके कारण सापडत नाही. आनुवंशिकतेचा काही वाटा असतो, एवढेच म्हणता येते.

उपचाराची पद्धत

पूर्वी अशा पावलावर मोठी शस्त्रक्रिया करून आखडलेले सांधे मोकळे करण्याची रीत होती. पाऊल सरळ दिसे. परंतु वाढत्या वयात पुष्कळ रुग्णांची पावले ताठर व दुखरी होत. स्पेनमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात कार्य केलेले डॉ. इग्नासिओ पोन्सेती (१९१४–२००९) यांनी निराळी वाट धरली. तान्ह्या बाळाचे सांधे लवचिक असतात, तेव्हा हळुवार हाताळणीने ते वळविता येतील, हा त्यांचा विचार होता. १९६३ साली त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले, तरी ही पद्धत जगभर रूढ होण्यास तीन दशकांहून अधिक काळ जावा लागला. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, या पद्धतीने उपचार होऊन पंचविशी ओलांडलेल्या रुग्णांपैकी ७८ टक्के रुग्णांची पावले चांगली वा उत्तम आढळली. जन्मतः व्यंग नसलेल्या व्यक्तींत हे प्रमाण ८५ टक्के होते.

उपचार जन्मानंतर पहिल्या एक-दोन आठवड्यांत सुरू झाल्यास उत्तम. दर आठवड्यास पाऊल काही मिनिटे हलकेच वळवून बोटांपासून मांडीच्या वरपर्यंत प्लास्टर घातले जाते. गुडघा काटकोनात ठेवल्याने ते निसटत नाही. साधारणपणे पाच-सहा प्लास्टरांत पाऊल बाहेर वळते. मात्र बहुतेक बालकांची टाच वरच राहते, कारण पोटरीचा स्नायू टाचेस जोडणारी कंडरा आखूड असते. तिला एक बारीक छेद द्यावा लागतो. ही शस्त्रक्रिया काही मिनिटांची असून तान्ह्या बाळात बहुधा केवळ जागा बधिर करून करता येते. त्यानंतर तीन आठवडे प्लास्टर राहते व तेवढ्या काळात कंडरा नव्या लांबीवर जुळून येते.

खरी कसोटी

येथे उपचार संपला असे वाटते आणि येथेच घोटाळा होतो. पाऊल सरळ झाले तरी आखडण्याची त्याची प्रवृत्ती पहिली काही वर्षे कायम असते. म्हणून दांडीने जोडलेले विशेष बूट पहिले तीन महिने दिवसातील २३ तास, आणि पुढे वयाच्या चार-पाच वर्षांपर्यंत झोपेच्या वेळी घालावे लागतात. सुरुवातीचे दोन-तीन दिवस बाळ रडते. ‘पाय तर सरळ झाला, आता लेकराला कशाला छळता?’ असे शेजारीपाजारी म्हणतात आणि बूट फडताळात जातात. पाऊल पुन्हा वळण्याचे हे सर्वांत मोठे कारण होय.

एका बालकाची हकिकत आम्ही विसरू शकत नाही. आईवडील ऊसतोडणीस जाणारे. त्यांनी एकही प्लास्टर चुकविले नव्हते. हंगामात तळावर असताना बाळाचे पाऊल वाढले, बूट लहान पडले आणि रुग्णालय दूर राहिले. ते परतले तेव्हा टाच पुन्हा वर ओढली गेली होती व प्लास्टरांचा क्रम नव्याने करावा लागला. दोष त्या माउलीचा नव्हता. बूट बदलण्याची तारीख आमच्या नोंदवहीत होती. ती त्यांच्यापर्यंत पोहोचविण्याची सोय आम्ही केली नव्हती. आता पहिल्या प्लास्टरच्याच दिवशी आम्ही विचारतो, ‘पुढील हंगामात तुम्ही कोठे असाल?’ आणि दूर जाणाऱ्या कुटुंबास पुढील मापाचे बूटही सोबत देतो.

पालकांस विनंती

बूट घालताना टाच तळाशी नीट टेकली आहे ना, हे पाहावे. आत सुती मोजे असावेत. लाल चट्टा किंवा फोड दिसल्यास बूट बंद न करता लगेच दाखवावयास यावे. निजण्याच्या वेळी बूट घालण्याचा नेम ठेवल्यास मूल त्यास सरावते. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातही या व्यंगाचा समावेश आहे. अंगणवाडी व आशा सेविकांकडे चौकशी करावी.

दात्यांस आमचे नम्र निवेदन असे, की शस्त्रक्रियेस साहाय्य करणारे हात पुष्कळ लाभतात; पुढील चार वर्षांच्या बुटांस आणि एसटीच्या भाड्यास कमी लाभतात. मूल शाळेच्या वाटेवर आपल्या पायांनी धावेल की नाही, हे मात्र त्यांवरच ठरते.